क्वेकर मीटिंगला जायचंय? कसं बसावं, कधी बोलावं आणि कामकाजात भाग कसा घ्यावा

मराठी ओळखीच्यांपैकी कुणी ना कुणी मला विचारत असतं, "एकदा तुमच्या क्वेकर मीटिंगला यायचंय. तिथे काय करायचं असतं?" क्वेकर म्हणजे इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात सुरू झालेला, ख्रिस्ती मुळांचा एक समाज, आणि मीटिंग म्हणजे त्यांची एकत्र शांत बसून करायची उपासना. ‘काही नाही, या आणि बसा’ हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. तासभर गप्प बसायचं म्हटलं की आपल्याला ध्यान आठवतं, विपश्यना आठवते. माणूस त्याच तयारीने येतो, डोळे मिटतो, स्वतःपुरता छान शांत होतो आणि घरी जातो. त्याला शांतता मिळते, पण मीटिंग हुकते. ती हुकू नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या मीटिंगमध्ये मी आधी एल्डर (उपासनेची घडी सांभाळणारी) होते, सध्या क्लर्क (कामकाजाची सभा चालवणारी) आहे. त्यामुळे इथे जे सांगतेय ते ब्रिटनमधल्या पद्धतीबद्दल. जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि त्यांच्या बहुतेक उपासनांना पाद्री असतो, प्रवचन असतं, भरपूर गाणी असतात. तिकडे गेलात तर यातलं फारसं काही उपयोगी पडणार नाही.

आधी एवढं माहीत असू द्या

जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायरमधल्या एका विणकराचा मुलगा, जन्म १६२४चा. तरुणपणी तो धर्मगुरूंच्या दारोदार फिरला आणि कुणाकडूनच समाधान झालं नाही. शेवटी त्याला जे उमगलं ते असं, की देवाशी बोलायला मध्ये कुणी लागत नाही. प्रत्येक माणसाच्या आत काहीतरी आहे जे थेट उत्तर देतं. १६५२ साली उत्तरेच्या डोंगराळ भागात, फर्बँक फेलच्या माळावर, त्याने हजारभर लोकांपुढे हे सांगितलं. तिथून ही चळवळ खऱ्या अर्थाने उभी राहिली. स्वार्थमूर हॉलच्या मार्गारेट फेल यांनी तिला घर दिलं, पत्रव्यवहार सांभाळला, तुरुंगातल्या लोकांसाठी पैसा गोळा केला. पुढे त्याही तुरुंगात गेल्या. त्यांच्याशिवाय हा समाज टिकला असता असं मला वाटत नाही.

पुढचं सगळं या एका गोष्टीतून येतं. मध्ये कुणी लागत नाही, म्हणून पाद्री नाही, वेदी नाही, बाप्तिस्मा नाही, ठरलेली प्रार्थना नाही. प्रत्येकात ते आहे, म्हणून बोलण्याचा हक्क सगळ्यांना आणि ऐकण्याची जबाबदारीही सगळ्यांची. आम्ही स्वतःला फ्रेंड्स म्हणतो. ‘क्वेकर’ हे आधी लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव.

मराठी वाचकांना या लोकांची ओळख अगदीच नाही असंही नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमचं काम केलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकर होत्या. गांधीजींचे स्नेही होरेस अलेक्झांडरही क्वेकर होते, आणि १९३१च्या गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या क्वेकर अभ्यासकेंद्रात जाऊन आले होते.

दारापासून खुर्चीपर्यंत

आधी कळवावं लागत नाही. बऱ्याच मीटिंग रविवारी सकाळी साडेदहाला असतात, तरी वेळ पाहून निघा. कपडे रोजचे चालतात. थाळी फिरवली जात नाही. दाराशी एखादी पेटी असते, पण पहिल्यांदा येणाऱ्याने तिच्याकडे बघायचंही कारण नाही.

दहा मिनिटं आधी पोचा. दारात एक फ्रेंड उभा असतो. तो हात मिळवेल, नाव विचारेल, एखादं पत्रक देईल. ‘मी पहिल्यांदा आलोय’ एवढं त्याला जरूर सांगा. म्हणजे मीटिंग संपल्यावर कुणीतरी आपणहून तुमच्याशी बोलायला येईल. नाहीतर लाजाळू माणूस चहाचा कप घेऊन भिंतीशी उभा राहतो आणि आम्ही इंग्रज सवयीने त्याला त्रास द्यायला नको म्हणून लांब राहतो.

खोली साधी असते. खुर्च्या किंवा बाकं गोलात नाहीतर चौकोनात मांडलेली, म्हणजे सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. मधल्या टेबलावर फुलं, एक बायबल, ब्रिटनमधल्या क्वेकरांचं लाल पुठ्ठ्याचं शिस्तीचं पुस्तक आणि ‘सल्ले आणि प्रश्न’ या नावाची छोटी पुस्तिका. तिच्यात ४२ परिच्छेद आहेत. मीटिंग चालू असताना ती उचलून वाचली तरी कुणाला काही वाटत नाही. मन अगदीच थाऱ्यावर नसेल तर एक परिच्छेद वाचा आणि खाली ठेवा. पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसू नका, कारण मग ते वाचनालय होतं.

पहिला माणूस शांत बसला की मीटिंग सुरू झाली. घंटा नाही, सूचना नाही. त्यामुळे आत शिरताना गप्पा दाराबाहेर संपवा. उशीर झाला तर दाराशी थांबा, तिथला फ्रेंड उशिरा आलेल्यांना एकदम आत सोडतो. कुणी बोलत असेल तर तो संपेपर्यंत अजिबात आत जाऊ नका. दारालगतच्या जागा उशिरा येणाऱ्यांसाठी सोडा. कानाला कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्रासाठी सोय आहे का ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी असते.

तासभर करायचं काय

पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांचीच जातात खाली बसण्यात. शरीर बसलेलं असतं, मन अजून गाडी पार्क करत असतं. राहिलेली कामं आठवतात, कालचं भांडण आठवतं. त्यांना हाकलू नका, धरूनही ठेवू नका. ज्याला जी पद्धत जमते ती त्याने वापरावी. कुणी श्वास मोजतं, कुणी नामस्मरण करतं, कुणी एखादी ओळ घोळवतं. माझ्या आधीच्या पिढीतल्या एका फ्रेंडने मला सांगितलं होतं तेच मी नव्या माणसाला सांगते: डोळे उघड आणि खोलीतल्या लोकांकडे बघ. एकेकाकडे, सावकाश. ही बाई कोण आहे ते तुला माहीत नाही, पण तिच्या आयुष्यात काहीतरी चाललेलं आहे. तिचं भलं होवो असं मनात म्हण आणि पुढच्या माणसाकडे जा. आम्ही याला ‘प्रकाशात धरणं’ म्हणतो. खोलीची एक फेरी पुरी होईपर्यंत तुम्ही स्वतःच्या डोक्यातून बरेच बाहेर आलेले असता.

ध्यान आणि मीटिंग यांच्यातला फरक हा इथे आहे. ध्यान मी एकटी घरी करू शकते. मीटिंग एकट्याने होत नाही. आपण सगळे मिळून कशाची तरी वाट पाहत असतो आणि ते एखाद्याच्या तोंडून येईल, कदाचित कुणाच्याच नाही. शेजारचा माणूस अस्वस्थ असेल तर त्याला तोलून धरणं हे तुमचं काम असतं. तुम्ही अस्वस्थ असाल तर दुसरं कुणीतरी तुम्हाला धरून असतं. काही रविवारी हे इतकं जुळून येतं की खोलीची हवाच बदलते. अनोळखी माणसालाही ते कळतं, नंतर तो विचारतो, "मध्येच काय झालं होतं?" अशा मीटिंगला आम्ही ‘गोळा झालेली मीटिंग’ म्हणतो. ती ठरवून होत नाही. बऱ्याच रविवारी तसं काहीच घडत नाही आणि आपण तरीही जातो.

आवाजांची धास्ती घेऊ नका. खोकला येतो, पोट गुरगुरतं, हिवाळ्यात हीटिंगचे पाइप ठकठक करतात. डुलकी लागली तर लागली. घोरायला लागलात तर शेजारी हलकेच कोपराने ढोसेल. पाय अवघडले तर उठून मागे उभे राहा.

मुलं असतील तर बरोबर आणा. बहुतेक ठिकाणी ती सुरुवातीची किंवा शेवटची दहा-पंधरा मिनिटं मोठ्यांबरोबर बसतात आणि बाकीचा वेळ शेजारच्या खोलीत त्यांचा वेगळा कार्यक्रम असतो. मूल कुजबुजलं म्हणून कुणी वळून पाहिलं तर ते त्या मोठ्या माणसाचं चुकलं असं समजा. १६६४ साली रीडिंगमध्ये आणि १६८२ साली ब्रिस्टलमध्ये मोठी माणसं तुरुंगात गेल्यावर मुलांनी स्वतः मीटिंग चालू ठेवली होती. मुलांना यातलं कळत नाही असं म्हणायचा अधिकार आमच्याकडे नाही.

बोलावं का, कधी बोलावं

शांततेत कुणीही उठून बोलू शकतं, पहिल्यांदा आलेला माणूसही. याला आम्ही मिनिस्ट्री म्हणतो. एल्डर म्हणून मला सगळ्यात जास्त प्रश्न याबद्दलच विचारले गेले.

घरून भाषण तयार करून आणू नका. तसंच ‘आज मी बोलणारच नाही’ असंही ठरवून येऊ नका. काहीतरी मनात आलं की लगेच उठायचं नसतं. तीन गोष्टी तपासा. हे फक्त माझ्यासाठी आहे की सगळ्यांसाठी? बरेच सुंदर विचार फक्त आपल्यासाठी असतात, ते घरी न्यायचे, वहीत लिहायचे. दुसरं, हे आत्ताच सांगायचं आहे का? पुढच्या रविवारपर्यंत ते टिकेल, की तोवर त्याची धारच जाईल? तिसरं, मला बोलायला आवडतं म्हणून मी उठतेय का? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला वर्षं लागतात. या तिन्हींतून ते पार झालं आणि तरीही छातीत धडधडायला लागलं, बसवेना, तर मात्र उठा. त्या वेळी गप्प बसणंही चूकच.

उठून उभे राहा. जमत नसेल तर बसून बोला. मोठ्याने आणि सावकाश बोला, कारण अर्ध्या खोलीचे कान म्हातारे आहेत. एकच गोष्ट सांगा. प्रस्तावना नको, ‘मला वाटतं की कदाचित’ नको, आणि सांगून झाल्यावर तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगणं तर नकोच. बसा. एका तासात दोनदा बोलायचं नाही.

दुसरं कुणी बोललं तर त्याला उत्तर द्यायचं नाही. तो मुद्दा चुकीचा वाटला तरी नाही. हे वादविवाद करण्यात हुशार असलेल्या लोकांना फार जड जातं, आणि आपण मराठी माणसं त्यात येतो. त्यांचे शब्द पटले नाहीत तर शब्दांच्या मागे काय दुखतंय ते ऐकायचा प्रयत्न करा. आणि दोन माणसांच्या बोलण्यात अंतर असू द्या, निदान काही मिनिटांचं. एकामागून एक सगळे उठायला लागले की ती चर्चा होते. अशा वेळी एखादा एल्डर उठून शांतपणे म्हणतो, "आपण थोडा वेळ शांततेत परत जाऊ या." असं म्हटलं गेलं तर कुणाचा अपमान झालेला नसतो.

ज्या भाषेत आलं त्या भाषेत बोललं तरी चालतं. मी एकदा मराठीतच बोलले, चार वाक्यं, आणि मग दोन वाक्यांत इंग्रजीत अर्थ सांगितला. मराठी न कळणाऱ्या एका आजोबांनी नंतर येऊन सांगितलं की त्यांना पहिला भाग जास्त पोचला.

जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे एक जण कित्येक वर्षं येतात आणि कधीच बोलत नाहीत. बायको वारल्यानंतरच्या एका रविवारी ते उठले, पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "घरात आता कुणी दिवे बंद करायला सांगत नाही." आणि बसले. त्यानंतर कुणीही बोललं नाही, तास संपेपर्यंत. प्रत्येकाने तेवढंच धरून ठेवलं होतं. कुणी सांत्वनाचं काही बोललं असतं तर ते मोडलं असतं.

तास संपला की दोन एल्डर हात मिळवतात. मग सगळे आपापल्या शेजाऱ्याशी हात मिळवतात. त्यानंतर सूचना होतात, नवीन आलेल्यांना नाव सांगायला सांगतात (नको असेल तर नुसती मान हलवा), काही ठिकाणी ‘बोलायचं राहून गेलं’ असं काही सांगायला पाच मिनिटं देतात. मग चहा. चहा टाळून निघून जाऊ नका. आणि कप विसळायला स्वयंपाकघरात गेलात तर ओळखी भराभर होतील. माझ्या इथल्या निम्म्या मैत्र्या त्या सिंकपाशी झाल्या आहेत.

कामकाजाची मीटिंग

रविवारची मीटिंग आवडलेल्या माणसाला मी सांगते, आता कामकाजाच्या मीटिंगला एकदा बस. आमची श्रद्धा काय आहे ते तिथे कळतं. सदस्य नसाल तर क्लर्कला आधी विचारा, बहुतेक वेळा होच म्हणतात.

तिथेही उपासनाच चालू असते, फक्त विषयपत्रिका घेऊन. मतदान नसतं. बहुमत नसतं. सर्वांना खूश करणारी तडजोडही शोधायची नसते. आपण सगळे मिळून यात योग्य काय आहे ते ऐकायचा प्रयत्न करतोय, अशी समजूत असते. क्लर्क अध्यक्ष नसतो. तो विषय मांडतो, कोण बोलणार ते ठरवतो आणि सभेचा कल कुठे आहे ते ओळखून तिथल्या तिथे नोंद लिहितो. स्वतःचं मत तो सांगत नाही. ज्या विषयात माझं मत फार ठाम असतं त्या विषयापुरती मी सहायक क्लर्कला टेबलावर बसायला सांगते.

बोलायचं असेल तर उभे राहा किंवा हात वर करा आणि क्लर्कने नाव घेईपर्यंत थांबा. जे बोलायचं ते क्लर्ककडे तोंड करून, समोरच्या माणसाला उद्देशून नाही. तुमचा मुद्दा आधीच कुणी मांडला असेल तर उठायची गरजच नाही. एकाच गोष्टीला दहा जणांनी पाठिंबा दिला म्हणून तिचं वजन इथे वाढत नाही.

हे कसं चालतं ते आमच्या बाकांच्या विषयावरून सांगते. मीटिंग हाऊसमधली जुनी लाकडी बाकं काढून खुर्च्या आणायच्या का, असा प्रश्न होता. इमारत पाहणाऱ्या समितीने खर्च सांगितला, खुर्च्या ठेवायच्या कुठे ते सांगितलं. मग शांतता. ऐंशी पार केलेल्या एक फ्रेंड उठल्या आणि म्हणाल्या की तासभर बाकावर बसवत नाही म्हणून आपण येणं कमी केलंय, आजवर कुणाला सांगितलं नाही. पुन्हा शांतता. एकाने सांगितलं, याच बाकांवर बसून आजीआजोबांचं लग्न लागलं होतं. इथे दुसरी कुठली सभा असती तर दोन तट पडले असते. मी काही बोलले नाही, नुसती थांबले. मग मागून एक तरुण बाप म्हणाला, "माझा मुलगा मीटिंगमध्ये बाकावर आडवा होऊन झोपतो. खुर्चीवर त्याला नाही झोपता येणार." हे कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. प्रश्न बाक की खुर्ची असा राहिला नाही. या खोलीत कुणाकुणाला तासभर राहता येतं, असा झाला.

मी नोंद लिहून वाचून दाखवली. तिच्यात एक वाक्य होतं: ‘काही फ्रेंड्सना तासभर बाकावर बसणं शक्य होत नाही.’ एका फ्रेंडने हात वर केला आणि म्हणाली, यात त्या फ्रेंड्सचीच काही उणीव आहे असं वाटतं. आम्ही ते बदललं: ‘आपल्या बाकांवर आपल्या सगळ्यांना बसता येत नाही.’ पुन्हा वाचून दाखवलं आणि विचारलं, ही नोंद मान्य आहे का? खोलीतून उत्तर आलं, "आय होप सो." ब्रिटनमधले क्वेकर होकार असाच देतात. पुढच्या महिन्यात ठरलं की दोन बाजूंना खुर्च्या, दोन बाजूंना बाकं.

नोंद सभेतच लिहायची, सभेतच मान्य करायची, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. घरी जाऊन कुणी आपल्याला हवी तशी इतिवृत्तं लिहीत नाही. ती लिहिली जात असताना खोलीतल्या सगळ्यांनी शांत बसून क्लर्कला आधार द्यायचा असतो. शेजाऱ्याशी कुजबुजायची ती वेळ नव्हे. आणि एकदा मान्य झाली की ती सगळ्यांची. ‘माझा विरोध होता’ असं पार्किंगमध्ये सांगत फिरायचं नाही.

एकमत दिसलं नाही तर विषय पुढे जातो. पद्धत संथ आहे, आणि त्या संथपणाची किंमत नेहमी आम्हीच मोजली असं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. तो एकेक पायरी वरच्या सभांकडे पाठवला गेला आणि बाजूला पडला. गुलाम बाळगणाऱ्याला सदस्य राहता येणार नाही असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक मीटिंगने (त्या भागातल्या सगळ्या क्वेकरांच्या मोठ्या सभेने) ठरवलं ते १७७६ साली. मधल्या काळात जॉन वुलमनसारखा माणूस घरोघरी जाऊन एकेका मालकाशी हळुवारपणे बोलत राहिला. त्याच्या चिकाटीचं कौतुक मला आहेच, पण मधली ८८ वर्षं गुलामांची गेली. म्हणून क्लर्क म्हणून एखादा विषय पुढे ढकलताना मी सभेला एक प्रश्न विचारते: आपण थांबल्यामुळे कुणाचं नुकसान होणार आहे?

स्वतःचा निर्णय अडला असेल तर

हे फार थोड्यांना माहीत असतं. नोकरी सोडायची का, लग्न करायचं का, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी परत जायचं का, असा प्रश्न पडला तर तुम्ही चार-पाच फ्रेंड्सना बोलावून ‘क्लिअरनेस’साठी मीटिंग मागू शकता. नियम कडक असतात. जमलेल्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, उत्तर आत दडवलेला प्रश्नही विचारायचा नाही. ‘तू भावाशी का बोलत नाहीस?’ हा सल्ला आहे. ‘हे ठरलं की सगळ्यात आधी कुणाला सांगशील?’ हा प्रश्न आहे. दोन प्रश्नांमध्ये शांतता. तिथे बोललेलं त्या खोलीबाहेर जात नाही, आणि नंतर कुणी ‘मग काय ठरवलंस?’ असंही विचारत नाही.

बसलात तर प्रश्न तयार करून नेऊ नका. मला नेहमी जाणवतं की सगळ्यात उपयोगी प्रश्न साधाच असतो आणि तो विचारायला थोडं धैर्य लागतं.

सदस्यत्व

घाई नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे, समितीत काम करणारे आणि सदस्य नसलेले लोक भरपूर आहेत, त्यांना अटेंडर म्हणतात. हिंदू राहून, बौद्ध राहून येणारे आहेत, देव न मानणारेही आहेत. ठरावीक शब्दांतली श्रद्धा कबूल करावी लागत नाही. तरी मुळं ख्रिस्ती आहेत आणि बायबलमधलं वचन ऐकू आलं तर अस्वस्थ व्हायचं कारण नाही. सदस्य व्हावंसं वाटलं तर एरिया मीटिंगच्या (आसपासच्या मीटिंगांच्या एकत्रित सभेच्या) क्लर्कला पत्र लिहायचं. बहुतेक ठिकाणी दोन फ्रेंड्स घरी येऊन निवांत बोलतात आणि मग एरिया मीटिंग ठरवते. ती परीक्षा नसते, पण ते खरे प्रश्न विचारतात. शांततावादाबद्दल, पैशाबद्दल. काम मात्र वाट्याला येतं. पगारी पाद्री नाही म्हणजे सगळी कामं आपणच वाटून घ्यायची. नेमणुका बहुतेक तीन वर्षांच्या असतात आणि नाव सुचवणारी समिती तुमच्याकडे कधीतरी येणारच.

लग्नाला बोलावलं असेल तर

काही जण पहिल्यांदा येतात ते एखाद्या मैत्रिणीच्या क्वेकर लग्नालाच. सगळे नेहमीसारखे शांत बसतात. वधूवर त्यांना वाटेल तेव्हा उठतात, हात हातात घेतात आणि एकमेकांना वचन देतात. लग्न लावणारं कुणी नसतं. ब्रिटनमधल्या क्वेकरांनी २००९ साली यॉर्कच्या वार्षिक मीटिंगमध्ये ठरवलं की समलिंगी जोडप्यांची लग्नंही याच पद्धतीने व्हावीत. कायदा बदलायला त्यानंतर काही वर्षं लागली. वचनानंतर पुन्हा शांतता, आणि तुम्हाला काही बोलावंसं वाटलं तर वर सांगितलेलं सगळं इथेही लागू आहे. फोटो मीटिंग संपल्यावरच काढा.

शेवटी एका टेबलावर मोठं प्रमाणपत्र मांडलेलं असतं. त्यावर जमलेल्या प्रत्येकाने सही करायची असते, कारण साक्षीदार सगळेच असतात, लहान मुलंसुद्धा. रांग मोठी असते. जेवणाकडे वळण्याआधी सही करा आणि नाव वाचता येईल असं लिहा. मी देवनागरीत करते, तुम्हीही करा.